पावसाळा सरू द्या, मग कॅसेट चालवा

माळ्यावरची लग्नाची व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवायची असेल, तर आधी ती उजेडात आणा आणि तिच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड नीट पाहा. कड काळीभोर आणि गुळगुळीत असेल तर उत्तम. तिच्यावर पांढरट ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा पीठ भुरभुरल्यासारखं काही दिसलं, तर ती बुरशी आहे. ही कॅसेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, घालू नका, 'चालते का' एवढं बघायलासुद्धा नाही. बुरशी हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या टोकावर, बसते, त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते आणि चिकटलेली टेप ओढली जाऊन फाटते.

टेप म्हणजे अर्धा इंच रुंदीची, केसाहूनही पातळ अशी पॉलिएस्टरची पट्टी. तिच्यावर चुंबकीय कण पॉलियुरेथेनच्या खळीने बसवलेले असतात. दमट हवेतलं पाणी या खळीचे रेणू हळूहळू तोडतं आणि बुरशीलाही तिथेच खाद्य मिळतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. त्या काळात बुरशी ओलसर असते, पुसायला गेलं की टेपभर फासली जाते. डिसेंबर ते फेब्रुवारीत ती वाळून भुकटी होते आणि सहज निघते. म्हणून हे काम हिवाळ्यात काढावं. त्याआधी आठवडाभर पाचसहा कॅसेट हवाबंद डब्यात शंभरेक ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. ओव्हन, हेअर ड्रायर, कडक ऊन यांच्या वाटेला जाऊ नका. कवच वाकडं होतं आणि टेप ताणली जाते.

बुरशी काढायची तर तोंडाला एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, बाकीच्या कॅसेटपासून लांब. कॅसेटच्या तळाला पाच स्क्रू असतात. ते काढून दोन्ही रिळं अलगद बाहेर घ्या, गुंडाळीच्या कडा मऊ ब्रशने झाडा, आणि रिळं दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवा. टेप तुटलेली असेल तर जोडायला साधा सेलोटेप कधीही वापरू नका. त्याचा गोंद कडेने पाझरतो आणि हेडला चिकटतो. जोडण्यासाठीची खास चिकटपट्टी मिळते, तीच घ्या.

आता यंत्र. व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये आलं आणि व्हीसीआरचं उत्पादन २०१६मध्ये थांबलं, म्हणजे आज मिळेल तो जुनाच. मुंबईत चोर बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडवर घेताना बिनमहत्त्वाची एक कॅसेट सोबत न्या आणि ती पूर्ण पुढे-मागे फिरवून बघा. घरी आणल्यावर आधी हेड साफ करा. हेड ज्यावर बसवलेले असतात तो आतला ६२ मिलिमीटर व्यासाचा तिरका ड्रम, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत, सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि टेपवर जेमतेम ४९ मायक्रॉन रुंदीच्या तिरप्या रेघा वाचतो. एवढ्या बारीक कामात धुळीचा कणही चित्रात बर्फासारखे पांढरे ठिपके पाडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये शॅमॉय चामड्याची पट्टी भिजवून ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने आडवा फिरवा. पट्टी वरखाली घासली की हेडचं टोक तुटतं. कापूस तर नकोच, त्याचे तंतू टोकात अडकतात.

कॅसेट घालण्याआधी तिच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी तोडलेली आहे ना ते पाहा. नसेल तर तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी मोकळी होते. चालू केल्यावर ट्रॅकिंग जुळवा, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमके येतील असं बटण फिरवा. टेपच्या खालच्या कडेला चित्राचा ठेका राखणारा नियंत्रणाचा पट्टा आहे, वरच्या कडेला साधा आवाज. त्यामुळे खालची कड चुरगळलेली असेल तर चित्र उड्या मारतं, वरची असेल तर आवाज खोल जातो. चित्राच्या अगदी तळाशी थरथरणाऱ्या पाचसात रेघा मात्र प्रत्येक व्हीएचएसला असतात. तो दोष नाही, टीव्हीच्या चौकटीआड त्या झाकल्या जायच्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते संगणकाकडे सिग्नल जाताना. पालमध्ये चित्राची प्रत्येक ओळ बरोबर ६४ मायक्रोसेकंदांनी यायला हवी. जुनी टेप किंचित आखडते-सैलावते, ओळी मागेपुढे येतात, आणि व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं यूएसबी कॅप्चर कार्ड गोंधळून फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, सोडून देतं. चित्राच्या फ्रेम गळतात, आवाज मात्र अखंड चालतो. तासाभराने भटजींचे ओठ आणि मंगलाष्टकं यांचा मेळ राहत नाही. उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर: तो ओळी क्षणभर साठवून एका ठेक्यात पुढे सोडतो. एस-व्हीएचएस या वरच्या दर्जाच्या काही व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला तरी पुष्कळदा काम भागतं. त्यात डिस्क घालायचीही गरज नाही, सिग्नल फक्त आरपार जायला हवा. व्हीसीआरला एस-व्हिडिओ जोड असेल तर चित्राच्या नेहमीच्या पिवळ्या वायरीऐवजी तोच घ्या, त्यातून प्रकाश आणि रंग वेगळे जातात.

कॅप्चर करताना पाल, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत), आवाज ४८ किलोहर्ट्झ असं निवडा. चुकून एनटीएससी ही अमेरिकी पद्धत निवडली तर चित्र काळंपांढरं होतं किंवा लोळतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससीच असण्याचा संभव मोठा, तिला दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागतो. फाइल न दाबता (कॉम्प्रेस न करता) तासाला ७५ जीबी होतात. हफवाययूव्हीसारख्या, काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या कोडेकने साधारण ३०. तीन तासांच्या कॅसेटला शंभर जीबी मोकळे ठेवा. 'एचडी करून देतो' म्हणणारे स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर टाळलेले बरे. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने सुमारे २४० रेघांइतकाच तपशील असतो, आणि हे डबे चित्र ताणून १६:९ करतात, वर ६० फ्रेमच्या ठेक्यात कोंबून चाल झटक्याची करतात.

मोबाइलवर पाहायची प्रत नंतर काढा: इंटरलेस सोडवून, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून, सेकंदाला ५० फ्रेम, मोबाइलवर चालणारा एच.२६४ कोडेक, आकार ४:३. इंटरलेस नीट सोडवला नाही तर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात.

त्याच लग्नाची दुसरी प्रत पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत एखाद्या मावशीकडे असेल तर तीही मागवून बघा. प्रतीची प्रत मुळाहून थोडी धूसर असते, पण बुरशीने खाल्लेल्या मुळापेक्षा कधीकधी तीच बरी निघते.

फाइल तयार झाल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट आवाजासकट पाहा, दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक दुसऱ्या घरी. कॅसेट फेकू नका. पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसात ओल तिथूनच येते.