कॉर्कच्या फरशीची प्रत कशावर ठरते: थोडी पार्श्वभूमी

घरासाठी कॉर्कची फरशी घेणाऱ्याला बहुतेक वेळा आधी रंग आणि नक्षी दाखवली जाते. घनता, बंधक (म्हणजे कॉर्कचे कण एकत्र धरणारे चिकटद्रव्य), वरचा लेप आणि पट्टीच्या आतला गाभा या गोष्टी विचारल्याशिवाय पुढे येत नाहीत. फरशी काही वर्षांनी कशी दिसेल, हे मात्र याच गोष्टींवर अवलंबून असते. त्या या धंद्यात एकेक करून, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या गरजेपोटी आल्या, आणि तो क्रम ठाऊक असला की कोणत्या नमुन्याला कोणता प्रश्न विचारायचा हे समजणे सोपे जाते.

कॉर्क म्हणजे क्वेर्कस सुबर या ओक वृक्षाची बाहेरची साल. (मराठीत ज्याला बुचाचे झाड म्हणतात, ते पांढऱ्या सुवासिक फुलांचे झाड वेगळे, त्याचा या फरशीशी संबंध नाही.) हा ओक भूमध्य सागराच्या पश्चिम भागात, म्हणजे पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, सार्डिनिया आणि दक्षिण फ्रान्स येथे वाढतो, आणि जगातील जवळपास निम्मे कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येते. झाड साधारण २५ वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल काढतात आणि त्यानंतर पोर्तुगालमध्ये किमान ९ वर्षे थांबावे लागते. उन्हाळ्यात सालीखालचा थर वाढीला लागलेला असताना कसबी कामगार कुऱ्हाडीने उभा छेद देऊन साल अख्खी सोडवतात आणि उघड्या, तांबूस खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगाने लिहून ठेवतात. २०२४ मध्ये सोललेल्या झाडावर ४ हा अंक असतो. पुढची नऊ वर्षे त्याला कोणी हात लावत नाही.

पहिल्या खेपेची साल खडबडीत आणि भेगाळलेली असते, दुसऱ्या खेपेचीही पुरेशी एकसंध नसते, आणि बाटलीचे चांगले बूच निघते ते साधारणपणे तिसऱ्या खेपेपासून, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. पहिल्या दोन खेपांचा माल आणि बुचे कापून घेतल्यावर साली‌चा जो चाळणीसारखा भाग उरतो, त्याचा भुगा करून फरशी बनते. उरलेल्या मालाची म्हणून ती कमी प्रतीची, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल, कारण कॉर्कचे मूळ गुण त्याच्या पेशींत असतात आणि दळल्यावरही त्या बहुतांशी शाबूत राहतात. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कॉर्कच्या पातळ कापाचे सूक्ष्मदर्शकाखालील चित्र दिले, आणि त्यातील मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांना त्याने दिलेले ‘सेल’ हे नाव पुढे जीवशास्त्रात रूढ झाले. एका घन सेंटिमीटरमध्ये असे सुमारे चार कोटी बंद, हवेने भरलेले कप्पे असतात. पायाला लागणारी ऊब, दाबल्यावर पुन्हा वर येणारा पृष्ठभाग आणि पावलांचा कमी आवाज हे सारे त्या हवेमुळे, तर पाण्याला होणारा विरोध पेशींच्या भिंतींतील सुबरिन या मेणासारख्या द्रव्यामुळे.

कॉर्क जमिनीवर आधी आले ते दुसऱ्याच्या पोटात लपून. १८४४ मध्ये इंग्लंडमध्ये रबर आणि कॉर्कचा भुगा मिसळून कॅम्प्टुलिकॉन नावाचे आच्छादन तयार झाले, आणि १८६३ मध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने घट्ट केलेले जवसाचे तेल व कॉर्कची भुकटी कापडावर थापून लिनोलियम या जमिनीवरच्या आच्छादनाचे पेटंट घेतले. निव्वळ कॉर्कची लादी शक्य झाली ती १८९० नंतर. न्यूयॉर्कमध्ये पाण्यात तरंगण्यासाठीची जाकिटे बनवणाऱ्या जॉन स्मिथ याच्या कारखान्यात कॉर्कचा भुगा भरलेले धातूचे नळकांडे निखाऱ्यांत पडले आणि सकाळी आतून तपकिरी, घट्ट गोळा निघाला, अशी हकीकत सांगतात. तपशिलात थोडी मीठमिरची असेलही, पण उष्णता आणि दाब मिळाला की कॉर्क स्वतःच्याच द्रव्याने चिकटते, हा शोध खरा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लाद्या याच तत्त्वावर दाबून भाजत, आणि फिकट ते गडद तपकिरी छटा रंगाने नव्हे, भाजण्याच्या प्रमाणात मिळत. फ्रँक लॉइड राइट या वास्तुरचनाकाराने १९३०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील फॉलिंगवॉटर या घराच्या न्हाणीघरांत जमीन आणि भिंती दोन्हींना कॉर्क लावले.

नंतर भुगा कृत्रिम चिकटद्रव्याने बांधण्याची रीत आली आणि त्याबरोबर बंधकाचा प्रश्नही आला. फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेतून घरातल्या हवेत तोच अपायकारक वायू सुटू शकतो. आज चांगले उत्पादक बहुधा त्याऐवजी पॉलियुरेथेन हे प्लास्टिकच्या जातीचे द्रव्य वापरतात. तरीही उत्सर्जनाचा दाखला मागावा, आणि नव्या खोक्याचे झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर तो माल परत करावा, असे मी म्हणेन.

घनतेचे महत्त्वही याच टप्प्यावर वाढले, कारण भुगा कमी दाबून आणि गोंद जास्त घालून लादी स्वस्त करता येते. फरशीसाठी घनमीटरला साधारण ४०० ते ५०० किलो घनता अपेक्षित असते, आणि ती तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ३०० मिलिमीटर चौरस आणि ६ मिलिमीटर जाड लादी ४५० किलो घनतेला सुमारे २४३ ग्रॅम भरली पाहिजे. २०० ग्रॅमच्या खाली काटा थांबला तर खुर्चीच्या पायाचे खळगे लवकर पडणार हे धरून चालावे. लादी हातात धरून हलकेच वाकवावी आणि कडेवरून अंगठा घासावा. चांगली लादी तडकत नाही आणि अंगठ्याला कण लागत नाहीत. युरोपातील ईएन १२१०४ हे मानक कॉर्कच्या लाद्यांसाठी आहे, आणि घरगुती वापराचे २१, २२ व २३ हे वर्ग तेथील फरश्यांच्या खोक्यांवर छापलेले असतात. आकडा जितका मोठा, तितकी जास्त वर्दळ सोसण्याची तयारी.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉर्क मागे पडले ते त्याच्या दोषामुळे कमी आणि मेणामुळे जास्त. जुन्या लाद्यांना वारंवार मेण लावून घासावे लागे, तर प्लास्टिकचे व्हिनाइल नुसते पुसले की काम होई, शिवाय ते स्वस्तही होते. पॉलियुरेथेनच्या लेपाने ही अडचण बरीच दूर केली. काही उत्पादकांनी कॉर्कवर थेट व्हिनाइलचा पापुद्रा चढवला. त्याने डाग पडत नाहीत हे खरे, पण पायाला मग प्लास्टिकच लागते, आणि कॉर्क घेण्याचे निम्मे कारण तिथेच संपते.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस खाचेत खाच अडकवून, गोंदाशिवाय बसणाऱ्या पट्ट्या आल्या आणि कॉर्क पुन्हा घरांत दिसू लागले. मात्र या पट्टीचा गाभा सहसा कॉर्कचा नसतो. मधे दाबून घट्ट केलेल्या लाकूडतंतूंचा सहा-सात मिलिमीटरचा थर असतो, त्याच्या खाली-वर कॉर्क, आणि सर्वांत वर शोभेचा पातळ पापुद्रा. कॉर्क पाणी सोसते, हा गाभा सोसत नाही. सांध्यातून पाणी मुरले की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. म्हणून न्हाणीघरासाठी किंवा ओट्याजवळच्या जागेसाठी गोंदाने चिकटवायची एकसंध लादीच घ्यावी, आणि तिच्याखालची जमीन सपाट व पूर्ण कोरडी असावी. अशी लादी पुढे लेप झिजला तर घासून पुन्हा लेपता येते. पातळ पापुद्र्याच्या पट्टीवर घासण्याचे यंत्र फिरवले तर काही वेळात खालचा भुगा दिसू लागतो, त्यामुळे नमुना पाहताना तो उभा धरून कापलेली कड निरखावी आणि वरचा थर किती जाडीचा आहे हे मोजून घ्यावे.