हुडहुडीत हापूस का आठवतो?

जानेवारीत पुण्यात पाषाण, एनडीएच्या बाजूला पारा कधी कधी १० अंशांच्या खाली जातो, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि मनात मात्र मे महिना चालू, ताम्हिणी उतरायची, माणगाववरून दापोली गाठायची, दुपारी आमरस, वर सोलकढी, संध्याकाळी फणसाचे गरे. हे आपण "उगाच काहीतरी" म्हणून सोडून देतो, पण मेंदू त्या वेळी जाम कामात असतो.

हातात ठराविक काम नसलं की मेंदूचे काही भाग उलट जास्त जागे होतात. मेंदूचे अभ्यासक मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या भागांच्या जाळ्याला 'डिफॉल्ट मोड' हे नाव दिलं. आठवणी काढणं आणि पुढचे बेत रचणं ही दोन्ही कामं बरीचशी याच जाळ्यात चालतात.

यातला मला सगळ्यात भारी वाटणारा प्रयोग २००७ चा. डेमिस हसाबिस (हो, ज्यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूतला भाग, खराब झालेल्या ५ पेशंटना सांगितलं की तुम्ही एका सुंदर किनाऱ्यावर पडलाय असं समजा आणि काय दिसतंय ते सांगा. बहुतेकांना ते जमेना, आकाश निळं आहे, वाळू आहे, असे तुकडे यायचे पण अख्खं चित्र काही उभं राहीना. म्हणजे ज्याची मागची आठवण गेली त्याचं पुढचं स्वप्नंही जातं! आपली यंदाची ट्रिप मेंदू जुन्या आमरसाच्या, जुन्या घाटाच्या आठवणी जोडूनच रचतो.

मग यात भूक वाढते की कमी होते? नुसतं आंब्याचं चित्र डोळ्यापुढे आलं तरी तोंडाला पाणी सुटतं, हे सगळ्यांनाच माहितीये. पण २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ केरी मोरवेज आणि सहकाऱ्यांनी लोकांना चॉकलेटच्या गोळ्या एकेक करून खाल्ल्याची कल्पना करायला लावली, तर ३० गोळ्या मनात खाणाऱ्यांनी नंतर खऱ्या गोळ्या ३ वाल्यांपेक्षा कमी खाल्ल्या. म्हणजे मनात एकेक फोड चावून, गिळून खाल्ली तर तेवढ्यापुरती इच्छा थोडी शमत असणार, नुसतं ताट बघत बसलात तर मात्र वाढेल.

आणि ज्या गारठ्याला आपण वैतागतो तो हापूसला हवाच असतो बरं का. पावसाळ्यानंतर जमीन सुकली, रात्री गार झाल्या, साधारण २० अंशांच्या खाली गेल्या, की पालवीऐवजी मोहोर फुटतो. थंडी नुसती पडून भागत नाही, ती योग्य तेवढीच पडावी लागते. फार गारठा पडला तर मोहोरात नर फुलंच जास्त येतात आणि फळ धरणारी संयुक्त फुलं कमी. थंडी लांबली तर आधीच्या मोहोराला वाटाण्याएवढी फळं धरलेली असतानाच झाड पुन्हा मोहोरतं, झाडाची ताकद नव्या मोहोराकडे वळते आणि आधीची फळं गळतात. बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात आणि त्याची त्यांना खरंच धास्ती असते, कारण लवकरच्या आंब्याला मिळणारा चांगला भाव हातचा जातो.

म्हणून कोकणचं बुकिंग करायच्या आधी तिकडच्या एखाद्या बागवाल्या काकांना फोन करून मोहोर कसा आहे ते विचाराच, पुनर्मोहोर झाला असेल तर एप्रिलची ट्रिप सरळ मेच्या दुसऱ्या आठवड्यात ढकला.