कुंभाराचे चाक आणि जुळ्यांची कुंडली

प्राचीन रोमच्या राज्यधर्मात व्यक्तीचे भविष्य सांगण्याला फारसे स्थान नव्हते. पक्ष्यांचे उड्डाण न्याहाळणारे ‘ऑगुर’ हे पुरोहित पुढे काय घडणार असे देवांना विचारत नसत. आज सभा भरवावी का, सैन्य हलवावे का, एवढ्याच प्रश्नावर ते देवांची संमती मागत. मोहिमेवर पवित्र कोंबड्यांचे पिंजरेही नेले जात आणि त्या दाण्यांवर तुटून पडल्या की देव अनुकूल आहेत असे मानले जाई. इ.स.पू. 249 मध्ये सिसिलीतील ड्रेपानाजवळ कोंबड्या दाणे खाईनात, तेव्हा सेनापती पुब्लिउस क्लॉडिउस पुल्खर याने ‘खात नाहीत, तर पाणी पिऊ द्या’ म्हणत त्या समुद्रात फेकल्या आणि त्यानंतरची नाविक लढाई तो दारुण हरला, ही कथा रोमन लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले.

‘माझ्या नशिबात काय आहे’ हा खासगी प्रश्न मात्र फलज्योतिषाने मोठा केला. बॅबिलोनमध्ये रुजलेली आणि ग्रीक जगात, विशेषतः इजिप्तमध्ये, कुंडलीचे रूप घेतलेली ही विद्या रोममध्ये पोहोचली तेव्हा राज्यकर्ते सावध झाले आणि इ.स.पू. 139 मध्ये ज्योतिषांना शहराबाहेर घालवण्यात आले. तरीही ती टिकली. विश्वातील सर्व घटना एकाच कार्यकारणाच्या साखळीत गुंफलेल्या आहेत असे मानणाऱ्या स्टोइक पंथातील अनेकांनी तिला तात्त्विक आधार दिला, तर सम्राट ऑगस्टसने मकर राशीचे चिन्ह आपल्या नाण्यांवर छापले. त्याच ऑगस्टसने इ.स. 11 मध्ये कोणाच्या मृत्यूविषयी भाकीत विचारण्यास बंदी घातली, हे मोठे बोलके आहे. सम्राट कधी मरणार ही माहिती कट रचणाऱ्यांच्या कामाची असते!

या विद्येवरची सर्वांत धारदार टीकाही रोमन संस्कृतीतूनच आली आणि ती करणारा वक्ता आणि राजकारणी सिसेरो स्वतः ऑगुर होता. इ.स.पू. 44 मध्ये शकुनविद्येवर लिहिलेल्या संवादात त्याने भाऊ क्विंटसला समर्थकाची बाजू दिली आणि खंडन स्वतःकडे ठेवले. रोमन सैन्याचा धुव्वा उडालेल्या कॅनीच्या रणांगणावर (इ.स.पू. 216) एकाच दिवशी मारले गेलेले हजारो सैनिक काय एकाच ताऱ्याखाली जन्मले होते, असे तो विचारतो. शिवाय स्पार्टाचे राजे प्रोक्लीस आणि युरिस्थेनीस हे जुळे भाऊ असूनही त्यांचे आयुर्मान आणि कर्तृत्व सारखे नव्हते, याकडे तो लक्ष वेधतो.

जुळ्यांच्या आक्षेपाला निगिदिउस फिगुलुस या विद्वानाने दिलेले उत्तर चातुर्याचे होते. त्याने कुंभाराचे चाक जोरात फिरवले आणि जणू एकाच जागी, झटपट दोनदा शाई लावली. चाक थांबल्यावर दोन खुणा एकमेकींपासून बऱ्याच दूर दिसल्या. आकाशही असेच वेगाने फिरते, म्हणून जुळ्यांच्या जन्मातील थोडेसे अंतरही नशीब बदलायला पुरेसे आहे, असा त्याचा दावा होता. हा प्रसंग आपल्याला कळतो तो नंतरच्या काळातील ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनच्या लेखनातून, आणि ऑगस्टीनने तो युक्तिवाद तिथेच उलटवला: इतक्या सूक्ष्म अंतरावर सारे अवलंबून असेल, तर इतरांची भविष्ये सांगण्याचे धाडस ज्योतिषी करतात तरी कसे?

हा आक्षेप आकड्यांत मांडता येतो. आकाश चोवीस तासांत 360 अंश फिरल्यासारखे दिसते, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. रोमन तास मात्र दिवसाच्या उजेडाचा बारावा भाग असल्याने हिवाळ्यात सुमारे 45 मिनिटांचा, तर उन्हाळ्यात सुमारे 75 मिनिटांचा होई. घड्याळांचे एकमत होण्यापेक्षा तत्त्वज्ञांचे एकमत लवकर होईल, अशी कोपरखळी रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने मारली आहे. अशा कालमापनावर अंशाअंशाचे भविष्य कसे उभे राहणार?

ऑगस्टीनने सांगितलेले दुसरे उदाहरण माझ्या मते जुळ्यांहूनही सरस आहे. फिर्मिनुस नावाच्या त्याच्या परिचिताच्या जन्मावेळीच वडिलांच्या मित्राच्या घरी एका दासीलाही मुलगा झाला. दोघेही मित्र ज्योतिषाचे वेडे असल्याने त्यांनी वार्ता देण्यासाठी निरोपे तयार ठेवले होते, आणि ते दोन्ही घरांपासून सारख्याच अंतरावर एकमेकांना भेटले. कुंडली एकच निघाली, पण फिर्मिनुस वैभवात वाढला आणि दासीचा मुलगा दासच राहिला. आकाश तेच ठेवून घर बदलले तर काय होते, याची ही जणू आयती तुलना होती. अर्थात, एका जोडीवरून नियम सिद्ध होत नाही. त्यासाठी संख्या लागते आणि कुंडली कोणाची हे तपासणाऱ्याला ठाऊक नसावे लागते.

तशी चाचणी महाराष्ट्रात झाली आहे. मेष ते मीन या बारा राशींची चौकट भूमध्य समुद्राच्या परिसरातील आणि आपल्याकडील ज्योतिषात सारखीच असल्याने तिचा संबंध इथे थेट पोहोचतो. पुण्यातील खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांच्या यशाचे प्रमाण सुमारे 46 टक्के निघाले, तर नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी 50 टक्क्यांच्या आसपास बरोबर आली असती.