फ्लॅपची निवड : डोके-मान पुनर्रचना शस्त्रक्रिया, खानदेशच्या संदर्भात

फ्लॅप म्हणजे शरीराच्या एका भागातून रक्तवाहिनीसकट उचलून दुसरीकडे बसवलेला कातडी, चरबी, स्नायू किंवा हाडाचा तुकडा. त्वचारोपणातली पातळ कातडी जिथे लावली तिथल्या रक्तावर जगते. फ्लॅप आपला रक्तपुरवठा बरोबर आणतो. ही रक्तवाहिनी म्हणजे त्याचा देठ. देठ न तोडता तुकडा वळवून आणता येतो, किंवा देठ कापून मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाक्यांनी जोडता येतो. या दुसऱ्या प्रकाराला मुक्त फ्लॅप म्हणतात. नातेवाईक एवढेच सांगतात : ‘छातीचं मास गालाला लावलं.’

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ही वेळ येते ती बहुतेक तोंडाच्या कर्करोगामुळे. चुना लावून मळलेली तंबाखू गाल आणि हिरडीच्या खाचेत तासन्‌तास दाबलेली असते, आणि गाठ बहुधा तिथेच उठते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपऱ्यांवरून तो गेलेला मात्र नाही. गाठीभोवतीचा सुमारे एक सेंटिमीटरचा निरोगी काठही काढावा लागतो, म्हणून बोराएवढ्या गाठीमागे लिंबाएवढा खड्डा पडतो.

खड्डा गालाच्या आतल्या अस्तरापुरता असेल तर नाकाशेजारच्या घडीतली कातडी पुरते. अस्तर मोठे गेले तर मनगटाजवळची पातळ, लवचीक कातडी उत्तम. यांग ग्वोफान व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती घेण्याआधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून मूठ आवळायला लावतात, पंजा पांढरा पडला की करंगळीकडची धमनी सोडतात. लाली लगेच परतली तरच अंगठ्याकडची धमनी काढता येते. विळा धरणारा हात शक्यतो सोडतात.

छातीचा फ्लॅप स्टीफन आरियन यांनी १९७९ मध्ये मांडला. गळपट्टीच्या हाडाखालून येणाऱ्या धमनीवर छातीचा मोठा स्नायू कातडीसह फिरवून मानेतून वर आणतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, मानेतल्या उघड्या पडलेल्या मोठ्या धमनीवर पांघरूणही मिळते. दोषही आहेत : तो जाड असतो, वजनाने खाली ओढतो, आणि पुरुषांच्या गालात आतून छातीचे केस उगवतात. रेडिओथेरपी झाली तर ते बहुधा झडतात.

मांडीच्या बाहेरच्या अंगाचा फ्लॅप (१९८४) एकाच देठावर आतले अस्तर आणि बाहेरची कातडी दोन्ही देतो. गाल आरपार गेला असेल तर हा फार सोयीचा. जबड्याचे हाड गेले तर पोटरीतले बारीक हाड. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये ते ठिकठिकाणी कापून जबड्याचा वाक दिला. घोट्याजवळचे सहा-आठ सेंटिमीटर हाड ठेवले की माणूस पूर्वीसारखा चालतो. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्याच्या पायाच्या धमन्या मात्र आधी तपासाव्या लागतात.

कपाळाचा फ्लॅप या सगळ्यांत जुना. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या कातडीने उभे केल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली.

पुस्तकांत मनगट, मांडी, पोटरीच्या मुक्त फ्लॅपला पहिला मान असतो. त्याचा खरा कस शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्रींत लागतो. तासा-तासाला कुणीतरी उठून फ्लॅपचा रंग पाहायचा, सुई टोचायची. लाल थेंब आला तर ठीक. रक्त काळपट, भराभर आले तर शीर तुंबली. आलेच नाही तर धमनी बंद. मग रात्री दोनलाही शस्त्रक्रियागृह उघडावे लागते, कारण वाट पाहण्यात फ्लॅप जातो. जिथे हे जागरण करणारे हात नाहीत तिथे छातीचा फ्लॅप निवडणारा सर्जन मागासलेला नव्हे, शहाणा म्हणावा. रेडिओथेरपी साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, तोवर जखम भरून आलेली बरी.

तंबाखू-सुपारीने ज्यांचे तोंड आधीच आवळले आहे, दोन बोटेही आत जात नाहीत, तिखट झोंबते म्हणून ज्यांनी ठेचा सोडून दिला आहे, त्यांच्यासाठी लवचीक कातडीचे मोल वाढते. ताठ फ्लॅप आणि रेडिओथेरपी एकत्र आली की जबडा पुन्हा धरतो. म्हणून नाकातली नळी निघाली आणि टाके भरले की आइस्क्रीमच्या काड्या दाताखाली एकेक वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम देतात. कळण्याची भाकरी बरेच दिवस दुधात कुस्करूनच, आणि दुसऱ्या बाजूने चावायची.