अमेरिकेतली दुफळी मोजायची कशी?

फेब्रुवारी १८०१. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होता आणि मेरिलँडचे प्रतिनिधी जोसेफ निकल्सन तापाने फणफणले होते. तरीही त्यांना उचलून संसदेत आणलं गेलं. शेजारच्या खोलीत त्यांची खाट टाकली होती, बायको उशाशी बसली होती, आणि पडल्या पडल्या ते प्रत्येक फेरीला आपलं मत लिहून देत होते. ते घरी राहिले असते तर मेरिलँड राज्य ॲरन बर यांच्या पारड्यात गेलं असतं.

राज्यांनी नेमलेले निर्वाचक जी इलेक्टोरल मतं देतात, ती थॉमस जेफरसन आणि बर, दोघांनाही ७३ पडल्यामुळे अध्यक्षाची निवड प्रतिनिधीगृहाकडे आली होती. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत होतं. खरं तर दोघं एकाच पक्षाचे. पण काही झालं तरी जेफरसन नको, म्हणून विरोधी फेडरलिस्टांनी बर यांना हाताशी धरलं. ३५ फेऱ्या झाल्या तरी निकाल लागेना. अखेर १७ फेब्रुवारीला ३६व्या फेरीत जेफरसन निवडून आले.

‘अमेरिकेत इतकी कटुता पूर्वी कधी नव्हती’ असं कोणी म्हणालं की मला निकल्सन यांची ती खाट आठवते. आणि १८६० तर त्याहून भयंकर. अब्राहम लिंकन ४० टक्क्यांहून कमी मतांवर अध्यक्ष झाले, दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांना मत देण्याची सोयच नव्हती, आणि निकालानंतर दीड महिन्यातच साउथ कॅरोलायना देशातून बाहेर पडलं. पुढे यादवी युद्ध पेटलं, ते जग जाणतं.

पण आठवणींवरून काळांची तुलना होत नाही. त्यासाठी मोजपट्टी लागते. ती कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल या दोन राज्यशास्त्रज्ञांनी तयार केली. त्यांच्या पद्धतीत ना भाषणं वाचायची, ना विधेयकाचा मजकूर. फक्त एवढंच पाहायचं, की संसदेतल्या मतदानात कोण कोणाच्या बाजूने उभं राहिलं. लग्नकार्यात पंगतीला कोण कोणाशेजारी बसतं हे चार-पाच वेळा पाहिलं, की भाऊबंदकी कुठे मुरलीय ते न विचारता कळतं, तसंच हे. समजा, शंभर मतदानांत ‘अ’ आणि ‘ब’ नव्वद वेळा एकत्र आले, ‘ब’ आणि ‘क’ साठ वेळा, ‘अ’ आणि ‘क’ पन्नासच वेळा. मग एका रेषेवर ‘अ’ आणि ‘ब’ जवळजवळ बसतील, आणि ‘क’ लांब, पण ‘ब’च्या अंगाला. शेकडो सदस्य आणि हजारो मतदानं संगणकाला दिली, की प्रत्येकाची जागा ठरते. मग दोन पक्षांमध्ये किती अंतर पडलंय ते मोजता येतं.

हे अंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठं दिसतं, विसाव्या शतकाच्या मध्यावर आकसतं, आणि १९७०च्या दशकापासून वाढत वाढत आज जुन्या शिखराच्याही वर गेलंय. मधला तो काळ इतका मवाळ होता, की १९५० मध्ये अमेरिकी राज्यशास्त्र संघटनेच्या समितीने उलटीच तक्रार केली: दोन्ही पक्ष एकसारखेच, मतदाराने निवडायचं काय?

त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. ती शांतता फुकट मिळालेली नव्हती. दक्षिणेत साक्षरतेच्या चाचण्या, मतदान कर आणि उघड दहशत यांच्या जोरावर काळ्या नागरिकांना मतपेटीपासून दूर ठेवलं होतं. एकाच डेमोक्रॅटिक पक्षात मिसिसिपीचा वर्णभेदवादी जमीनदार आणि डेट्रॉइटचा मोटार कारखान्यातला कामगार सुखाने नांदत होते, कारण वर्णाचा प्रश्न टेबलावर यायचाच नाही. ज्यांच्या हक्कांवर वाद व्हायला हवा होता, त्यांनाच खोलीबाहेर ठेवून झालेलं ते एकमत होतं.

१९६४ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली आणि ती मोट सुटली. त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर देशभर सपाटून हरले, पण मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मतं पडली. त्या राज्याने रिपब्लिकन उमेदवाराला याआधी निवडलं होतं ते १८७२ मध्ये! पुढच्या तीस-चाळीस वर्षांत दक्षिणेतले सनातनी डेमोक्रॅट रिपब्लिकन झाले, ईशान्येतले उदारमतवादी रिपब्लिकन जवळजवळ संपले. वंश, धर्म, शहर-खेडं, शिक्षण, सगळ्या भेगा एकाच रेषेवर येऊन मिळाल्या. पूर्वी माणूस एका प्रश्नावर समोरच्याच्या विरोधात असला, तरी दुसऱ्या प्रश्नावर त्याच्या बाजूला असायचा. हे आडवे धागेच तुटले.

नकाशावर ते साफ दिसतं. १९७६ मध्ये अध्यक्षपदाच्या कार्टर-फोर्ड लढतीत २० राज्यांतला मतांचा फरक पाच टक्क्यांच्या आत होता. २०२० मध्ये अशी राज्यं उरली आठ. २०१६ मध्ये तर सिनेटच्या ज्या ३४ जागांची निवडणूक झाली, त्या प्रत्येक राज्यात अध्यक्षपदाला ज्या पक्षाला कौल मिळाला, त्याच पक्षाचा सिनेटर निवडून आला. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

धोरणांबद्दलची सामान्य माणसाची मतं खरोखर किती टोकाला गेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. समोरच्या पक्षाबद्दलची नावड वाढली, यावर मात्र फारसा नाही. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न जुन्या-नव्या पाहण्यांतून ताडून पाहिला: तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का? १९६० मध्ये ‘हो’ म्हणणारे जेमतेम पाच टक्के होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले.