वनस्पतींची जुनी छापील चित्रं (बोटॅनिकल प्रिंट्स)

झाडं, फुलं, फळं यांची जी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर, लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा दगडावर काढून मग कागदावर छापली गेली आणि बऱ्याचदा छापल्यावर हाताने रंगवली गेली, त्यांना बोटॅनिकल प्रिंट्स म्हणतात. १६ व्या शतकापासून १९ व्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपात असली हजारो चित्रं निघाली. वैद्यांना औषधी झाड ओळखता यावं, श्रीमंतांना आपल्या बागेतली फुलं मिरवता यावीत, वनस्पतीशास्त्रवाल्यांना नवीन जात जगापुढे मांडता यावी, असे त्यामागचे उद्देश होते. ही चित्रं मुळात भिंतीवर लावायला केलेलीच नाहीत, बहुतेक सगळी पुस्तकांची पानं आहेत, आणि आज जी सुटी मिळतात ती कुठल्या ना कुठल्या पुस्तकातून काढलेली असतात. मराठवाड्यात बसून ही चित्रं गोळा करणाऱ्याने हे आधी डोक्यात पक्कं ठेवावं, कारण किंमतीचा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो. "दोनशे वर्षं जुनं आहे" एवढ्यावर काहीही ठरत नाही. कुठल्या पुस्तकातलं, कसं छापलेलं, कशावर छापलेलं आणि आज कुठल्या अवस्थेत आहे यावर ठरतं.

छपाई ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, घड्याळवाल्यांकडे असतं तसलं. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यात शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबाखालून काढायचं, अशी जुनी पद्धत होती. त्या दाबामुळे पत्र्याच्या कडांचा चौकोनी खोलगट ठसा चित्राभोवती कागदावर उमटतो आणि शाईची रेषा कागदाच्या किंचित वर उचललेली असते, तिरप्या उजेडात धरलं की दोन्ही दिसतं. पॅरिसचा फुलांचा चित्रकार रेदूते याची गुलाबांची चित्रं (१८१७ ते १८२४) पण तांब्यावरचीच, पण तिथे रेषांऐवजी बारीक टिंबांनी छटा केलेली आहे, एकाच पत्र्यावर वेगवेगळे रंग लावून छापलंय आणि शेवटचा हात ब्रशने फिरवलाय, म्हणून ती पाकळी इतकी मऊ दिसते. शिळाछाप आपल्याकडे पोथ्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे, बव्हेरियात झेनेफेल्डरने १७९० च्या दशकात ती शोधली, त्यात दगड सपाट असतो म्हणून पत्र्याच्या कडेचा ठसा येत नाही आणि भिंगातून खडूसारखा रवाळपणा दिसतो. १८८७ पासून निघालेल्या क्योलरच्या औषधी वनस्पतींच्या जर्मन ग्रंथात रंग पण दगडावरूनच छापलेत. आणि भिंगातून जर सारख्या अंतरावरचे निळे-गुलाबी-पिवळे-काळे ठिपके फुलासारखे मांडलेले दिसले तर ती आजकालची ऑफसेट कॉपी, कागद चहाच्या पाण्यात बुडवून कितीही पिवळा केलेला असो, तिथेच थांबायचं.

कागदाच्या बाबतीत मराठवाड्यातल्या माणसाची एक सोय आहे, ती म्हणजे कागझीपुरा. दौलताबाद ते खुलताबाद रस्त्यावरचं हे गाव हातकागदासाठी ओळखलं जातं, तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कागद करणारे कारागीर इकडे आले असं सांगितलं जातं. तिथे लगदा चाळणीवर कसा उचलतात आणि चाळणीच्या काड्यांच्या रेषा कागदात कशा उतरतात हे एकदा नीट बघून घ्यावं, मग जुन्या युरोपियन कागदातल्या रेषा कुणी वेगळ्या समजावून सांगायची गरज पडत नाही. तो युरोपियन कागद पण चिंध्यांचाच आणि हाताने उचललेलाच. उजेडासमोर धरल्यावर एकमेकींना खेटून असलेल्या आडव्या रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या लांब अंतरावरच्या उभ्या रेषा दिसल्या तर कागद जुन्या पद्धतीचा. रेषा नसलेला सलग पोताचा कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात व्हॉटमन या कागद करणाऱ्याने आणला आणि १७९० नंतर तो सगळीकडे झाला. १७९४ पासून इंग्लिश कागदांच्या वॉटरमार्कमध्ये (उजेडासमोर दिसणारी कागदातली खूण) साल पण यायला लागलं, हे फार कामाचं आहे, कारण पुस्तकाचं साल १७९५ आणि कागदातलं साल १८१५ असेल तर ते चित्र नंतर छापलेलं आहे हे कागदच सांगतो. वनस्पतीचं नाव पण बघायचं, १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने वनस्पतींची दोन शब्दी नावं पक्की केली, त्याआधीच्या चित्रांवर नावाच्या जागी बऱ्याचदा लॅटिनमधलं लांबलचक वर्णन असायचं.

रंग ओळखणं सगळ्यात अवघड आणि फसवाफसवी पण इथेच जास्त. जुना रंग त्या काळातच भरलेला असतो, नवा रंग विक्रीसाठी काल-परवा भरलेला असतो. पान उलटं करून मागून बघावं. जुन्या हिरव्यात तांबं असायचं आणि ते वर्षानुवर्षं कागद खातं, त्यामुळे जिथे समोर हिरवं पान आहे तिथे मागे तपकिरी सावली उमटलेली दिसते. जुना शिशाचा पांढरा कधीकधी काळपट पडलेला असतो. नवा रंग मात्र कागदावरच्या जुन्या डागाच्या वरून गेलेला असतो, म्हणजे डाग आधी आणि रंग नंतर, यावरून पकडता येतो. काही पुस्तकं तर मुळात रंगीत निघालीच नव्हती. मलबारच्या वनस्पतींवरचा होर्तुस मालाबारिकुस हा १२ खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ दरम्यान निघाला, कोचीनचा डच अधिकारी वान रीडने करून घेतलेला, त्यातली ७९० च्या आसपास चित्रं काळ्या शाईत आहेत, त्यामुळे त्यातलं रंगीत पान दिसलं की रंग नंतर कुणीतरी भरला असं धरून चालावं. या ग्रंथाबद्दल मराठी माणसाला खास जिव्हाळा वाटायला हवा, चित्रांवर लॅटिन, मल्याळम आणि अरबी लिपीसोबत नागरीत पण झाडांची नावं कोरलेली आहेत आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी वैद्यांचं नागरीतलं पत्र पहिल्या खंडात आहे. ॲम्स्टरडॅमच्या कोरणाऱ्याने आपली अक्षरं तांब्यावर कोरली, १६७८ साली!

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतीशास्त्रवाला विल्यम रॉक्सबर्ग याचं, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचं, तीन मोठे खंड, ३०० चित्रं, १७९५ पासून १८२० पर्यंत लंडनला निघत राहिले. किनारा आंध्र-तमिळनाडूकडचा असला तरी झाडं बघा : पळस, साग, मोह, बिब्बा, टेंभुर्णी. किनवटच्या जंगलातून चालताना जे दिसतं तेच. त्यातलं पळसाचं चित्र बघितलं तर एकाच कागदावर केशरी फुलांचा घोस आहे, आपलं ते प्रसिद्ध तीन पानांचं पान आहे, आणि एक फूल पाकळी पाकळी सुटं करून मांडलंय. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतं, पण ओळख पटवायची तर दोन्ही हवं, म्हणून चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंतल्या गोष्टी एका कागदावर आणतो, ही या सगळ्या चित्रांची रीतच आहे. मूळ चित्रं भारतीय चित्रकारांनी काढलेली, त्यांची नावं छापलेली नाहीत आणि याचं वाईट वाटतं. पुढे रॉबर्ट वाइट या वनस्पतीशास्त्रवाल्याने ही उणीव थोडी भरून काढली, त्याच्याकडे मद्रासला रंगैया आणि गोविंदू हे चित्रकार होते, १८३८ ते १८५३ मध्ये त्याने २१०० च्या वर शिळाछाप चित्रं काढली आणि एका ऑर्किडच्या वंशाला गोविंदूचं नाव दिलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख वॉलिच याच्या ग्रंथात (१८३० ते १८३२) विष्णुप्रसाद आणि गोराचांद या चित्रकारांचं काम आहे.

आता किंमत. बाजार दिखाऊ फुलाला पैसे देतो : गुलाब, लिली, ट्युलिप, ऑर्किड, कमळ. त्याच पुस्तकातलं, त्याच हाताचं गवत किंवा रानझाड पुष्कळ स्वस्तात जातं, आणि माझ्या मते मराठवाड्यातल्या संग्राहकाने नेमकं तिथेच लक्ष द्यावं, कारण बिब्ब्याचं किंवा टेंभुर्णीचं चित्र लंडनच्या दिवाणखान्यात कुणाला नको असलं तरी आपल्यासाठी ते आपल्या शिवारातलं झाड आहे. पुस्तकाचा दर्जा, पानाचा आकार, सुरुवातीची छपाई की पत्रा झिजल्यावरची पुसट छपाई, कडा कापल्यात का, डाग किती, मागून चिकटवलंय का, हे सगळं किंमतीत धरलं जातं. चौकोनी ठशाच्या आतपर्यंत कडा कापलेलं पान असेल तर किंमत निम्म्यावर आली तरी नवल नाही. सुरुवात करणाऱ्याला कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझीन सोयीचं, १७८७ पासून चालू आहे, चित्रं १९४८ पर्यंत हाताने रंगवली जायची, पानं लहान आणि भरपूर उपलब्ध, त्यामुळे साधं फूल काही हजार रुपयांत मिळतं. रेदूते किंवा १६१३ मध्ये निघालेला बेसलरचा जर्मन बागेतल्या फुलांचा मोठा ग्रंथ यांच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये. आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत ही किंमत नसते, लिलावात खरंच किती रुपयांना गेलं ते बघावं, बऱ्याच लिलावघरांचे जुने निकाल ऑनलाइन दिसतात. घ्यायच्या आधी ते पान बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयातल्या फुकट स्कॅनशी जुळवून बघायचं, पान क्रमांक, खालची चित्रकाराची आणि कोरणाऱ्याची नावं, सगळं.

पुस्तक फाडण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. अख्खं पुस्तक विकण्यापेक्षा पानं सुटी करून विकली तर जास्त पैसे मिळतात म्हणून धडधाकट खंड कापले जातात, आणि एकदा कापलं की मजकूर रद्दीत आणि चित्रं वीस गावांत. आधीच सुटी झालेली पानं घेणं वेगळं, पण पूर्ण खंड हातात आला तर तो कापू नये आणि कापायला देऊ नये.

सांभाळण्यात मराठवाड्याचा उन्हाळा मोठा त्रास देतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, कागद कोरडा पडून ठिसूळ होतो, आणि त्याच खोलीत आपण कूलर लावतो म्हणजे कागदाला दुपारभर ओली हवा आणि रात्री परत कोरडी, या चढउताराने कागद वाकतो आणि तपकिरी ठिपके येतात. कूलरच्या झोतासमोरच्या भिंतीवर आणि पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर चित्र लावूच नये. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा) वापरायला सांगायचं, साध्या पुठ्ठ्याने चित्राभोवती तपकिरी चौकट जळाल्यासारखी उमटते जी जात नाही. सेलोटेप नको, फेविकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. कसर आणि वाळवीसाठी कपाट भिंतीपासून लांब ठेवून महिन्यातून एकदा पानं उघडून बघणं हाच खात्रीचा उपाय, वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही पण कडुनिंबाचा पाला पानांमध्ये घालू नये, डाग पडतात.

मराठवाड्यात या चित्रांचा वेगळा असा बाजार नाही. नांदेड-परभणीकडच्या लोकांना हैदराबाद जवळ, तिथे आबिड्सला रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, बाकी मुंबई आणि ऑनलाइन लिलाव. झाडाची ओळख पक्की करायला वि. ना. नाईक यांचं फ्लोरा ऑफ मराठवाडा (१९९८) आणि संभाजीनगरच्या विद्यापीठातला वनस्पतीशास्त्र विभागाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह उपयोगी पडतो, कारण जुन्या चित्रावरचं लॅटिन नाव बरेचदा बदललेलं असतं, पळसाचं रॉक्सबर्गच्या पानावरचं नाव पण आज चालत नाही.

कायद्याने, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकृती पुरावस्तू धरली जाते, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि असल्या वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. बाहेरून मागवलेल्या चित्राचे कस्टमचे कागद आणि बिल म्हणूनच जपून ठेवावं, आणि पुस्तकाचं नाव, साल, पान क्रमांक, कुणाकडून घेतलं हे सगळं मऊ पेन्सिलने माउंटच्या मागे लिहून ठेवावं, चित्राच्या मागे नाही.