गिल, अँडी

(१ जानेवारी १९५६ – १ फेब्रुवारी २०२०). इंग्लंडमधील पोस्ट-पंक संगीताचे (पंक रॉकनंतर आलेल्या प्रयोगशील रॉक संगीताचे) एक प्रवर्तक गिटारवादक, गायक व निर्माते. जन्म मँचेस्टरचा. सेव्हनोक्सच्या शाळेतले मित्र जॉन किंग यांच्याप्रमाणे तेही लीड्स विद्यापीठात ललित कला शिकायला गेले. कला-इतिहासकार टी. जे. क्लार्क तेव्हा तिथे प्राध्यापक होते आणि चित्राइतकीच त्यामागच्या राजकारणाचीही चर्चा होई. ‘मेकॉन्स’ आणि ‘डेल्टा ५’ हे वाद्यवृंद याच वर्तुळातले. शहरात नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाच्या वंशवाद्यांनी डोके वर काढले होते, त्यामुळे राजकारण या मुलांच्या दारातच उभे होते.

१९७६-७७च्या सुमारास गिल, किंग, ह्यूगो बर्नहॅम (ड्रम) आणि डेव्ह ॲलन (बेस) यांचा ‘गँग ऑफ फोर’ हा वाद्यवृंद जमला. १९७९मध्ये ‘एंटरटेनमेंट!’ हा पहिला अल्बम आला. त्यातली गिटार आजही दचकवते. गिल यांच्यावर ‘डॉ. फीलगुड’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक विल्को जॉन्सन यांच्या तुटक वादनाचा प्रभाव होता. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरचा ऊबदार, गोलसर आवाज त्यांना नको होता. ट्रान्झिस्टरचा कोरडा, थंड आवाज त्यांनी मुद्दाम निवडला. उजव्या हाताचा फटकारा बसतो न बसतो तोच डावा हात तारा दाबून आवाज तोडतो आणि मधल्या रिकाम्या जागेतून ड्रम व बेस पुढे येतात. सोलो जवळजवळ नाहीच. गिटार इथे तालवाद्य होते, चौघांतले एक. माझ्या मते, कधी वाजवायचे नाही याची इतकी पक्की जाण त्या पिढीत दुसऱ्या कोणाला क्वचितच होती. ‘अँथ्रॅक्स’ या गाण्यात मात्र ते सुरुवातीलाच फीडबॅकचा (गिटार व ॲम्प्लिफायर यांच्यात घुमत राहणाऱ्या कर्कश आवाजाचा) लोट सोडतात, पुढे किंग प्रेमाला आजार म्हणत गात असताना गिल त्याच वेळी, सपाट आवाजात, प्रेमगीते एवढी का लिहिली जातात यावर बोलत राहतात.

१९७९मध्येच ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या कार्यक्रमाने त्यांच्या एका गाण्यातला निरोधाचा उल्लेख बदलायला सांगितला, तेव्हा चौघे कार्यक्रम सोडून निघून गेले. फॉकलंड युद्धाच्या काळात, १९८२मध्ये, सैनिकी गणवेशावरचे त्यांचे गाणेही बीबीसीने रोखले. पुढच्या वर्षीच्या ‘हार्ड’ या अल्बमनंतर वाद्यवृंद फुटला. त्यानंतरची पुनरुज्जीवने, २००४ची मूळ चौघांची भेट आणि शेवटच्या काळातले नवे संच या सगळ्यांत टिकून राहिले ते फक्त गिल.

निर्माता म्हणून १९८४मध्ये त्यांनी ‘रेड हॉट चिली पेपर्स’चा पहिला अल्बम केला. ध्वनिमुद्रणात खटके उडाले, कारण गिल यांना आवाज नेटका हवा होता आणि त्या पोरांना मैफलीतला दंगा. २०२१मध्ये गिल यांच्या स्मरणार्थ निघालेल्या अल्बमसाठी त्याच वाद्यवृंदातल्या फ्ली आणि जॉन फ्रुशांते यांनी ‘गँग ऑफ फोर’चे ‘नॉट ग्रेट मेन’ हे गाणे वाजवले.